जाड की बारीक

"कॉफीचं मशीन घ्या, पण ते ठेवणार कुठं ते आधी सांगा," गणिताच्या सरांची बायको म्हणाली. सरांनी ओट्याचा मोकळा कोपरा आदल्याच दिवशी पट्टीनं मोजून ठेवला होता, त्यामुळे उत्तर तयार होतं. "मिक्सरच्या शेजारी. वर बोटभर जागा उरते." निवृत्त झाल्यापासून नवरा इतक्या उत्साहानं काही मोजताना तिनं पाहिला नव्हता, म्हणून ती पुढं काही बोलली नाही. तिचं चुकलं ते इथंच.

या सगळ्याच्या मुळाशी एक बंद पडलेलं दुकान होतं. शाळेच्या फाटकासमोर, कोपऱ्यावर. मधली सुट्टी झाली की गणिताचे सर आणि चित्रकलेचे सर रस्ता ओलांडून तिथं जायचे आणि घंटा ऐकली की तोंड पोळून घेत उरलेला घोट संपवायचे. गल्ल्यामागं एक ढेरपोटं मशीन दिवसभर फुसफुसत असायचं. इवल्याशा कपात दाट, काळी कॉफी यायची. गणिताचे सर तिथं उत्तरपत्रिका तपासायचे आणि चित्रकलेचे सर पलीकडून डोकावून म्हणायचे, "याला पास करा हो, अक्षर किती देखणं आहे!" मग भांडण. शून्याला आकार असतो की नसतो, या वादात एक अख्खी सहामाही गेली होती.

पुढं दोघं निवृत्त झाले, दुकान बंद झालं आणि त्या जागी चष्मे विकायला आले. दोघांची घरं एकाच गल्लीत, समोरासमोर. गणिताचे सर दुसऱ्या मजल्यावर, चित्रकलेचे सर रस्त्यापलीकडं पहिल्या मजल्यावर, एकटे. तरी गाठीभेटी कमी होत गेल्या. एकमेकांच्या घरी गेलं की दोघंही पाहुण्यासारखे अवघडून बसायचे. "बाकी काय?" "बाकी ठीक." एवढ्यावर कॉफी संपायची. असाच एकदा बाटलीतल्या पावडरची कॉफी पिताना चित्रकलेच्या सरांनी कप खाली ठेवला.

"सर, ही कॉफी नव्हे. म्हणून आपल्याला काही सुचत नाही."

"मग?"

"आपणच करू की ती. मशीन मिळतात आता घरगुती. आपल्या पेन्शनला झेपतील अशीसुद्धा."

दोघं दुकानात गेले. गणिताच्या सरांनी सगळ्यांत साध्या मशीनवर बोट ठेवलं. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "आणि बिया दळायला ग्राइंडर?"

"ग्राइंडर वेगळा? मग हे मशीन काय करतं?"

"पाणी तापवतं आणि दाबानं सोडतं. चव ग्राइंडरवर आहे, काका. मशीन साधं असलं तरी भागतं, ग्राइंडरमध्ये काटकसर केली की पस्तावाल."

चित्रकलेच्या सरांची छाती फुगली. "ग्राइंडर माझ्याकडून," ते म्हणाले. अशी वाटणी झाली, आणि दुकानाच्या पायऱ्या उतरेपर्यंत चव कुणाच्या वाट्याची, दाब कुणाच्या वाट्याचा, यावर जुन्या थाटाचं भांडण सुरूही झालं. दोघंही मनातून खूश होते.

घोडं अडलं ते घरी आल्यावर. ग्राइंडर सुरू करताच घरभर असा आवाज घुमला की बायको हातातला झारा घेऊन बाहेर आली. "हे माझ्या स्वयंपाकघरात नको. ते गप्प बसणारं एक ठेवा, हे किंचाळणारं न्या."

"मग मशीनही माझ्याकडं ठेवू," चित्रकलेचे सर म्हणाले.

"तुमच्याकडं? तुमच्या फळीवर टर्पेंटाइन आणि दूध शेजारी शेजारी असतं!" गणिताचे सर कडाडले. "मशीन इथंच राहील."

"मग ग्राइंडर माझ्याच घरी राहील."

झालं. कॉफी दळली जायची रस्त्याच्या त्या बाजूला आणि तयार व्हायची या बाजूला. चित्रकलेच्या सरांचे गुडघे जिन्याला कुरकुरायचे आणि गणिताचे सर मशीन तापत ठेवून हलायला तयार नसायचे. सकाळी दूध आणायला खाली उतरणाऱ्या बायकोवर दळलेल्या कॉफीचा डबा आणायचं काम आलं, आणि तयार कॉफी थर्मासमधून पलीकडं पोचवायचंही.

पहिल्या दिवशी दळण इतकं बारीक होतं की मशीन नुसतं कण्हत राहिलं, थेंब येईना. सरांनी घाईनं कॉफी भरलेलं हँडल फिरवून काढलं. आत कोंडलेला दाब सुटला आणि काळा चोथा थेट छतावर. दुसऱ्या दिवशी दळण इतकं जाड की पाणी सरळ खाली आलं, फिकं, पितळी भांडं विसळल्यासारखं. ग्राइंडरचा काटा किती फिरवायचा हे पहिला घोट घेतल्याशिवाय कळत नाही, आणि घोट घेणारा दुसऱ्या मजल्यावर. फोन करावा तर चित्रकलेच्या सरांना ग्राइंडरच्या आवाजात घंटी ऐकू येत नसे. मग शाळेतला जुना आवाज कामी आला. गणिताचे सर गॅलरीत येऊन ओरडू लागले.

"सर! फारच जाड!"

समोरच्या खिडकीतून उत्तर यायचं, "कालच्यापेक्षाही?"

"काल बरं होतं! आज बघवत नाही!"

"थांबा, बारीक करतो!"

पंधरवडाभर रोज सकाळी हे चाललं. कॉफी सुधारत होती, पण दुकानातल्यासारखी होत नव्हती. एका सकाळी बायको दूध घेऊन वर आली ती पिशवी न ठेवताच खुर्चीत बसली.

"अहो, खालच्या मजल्यावर नवीन राहायला आल्यात ना, त्या पोस्टातल्या बाई. त्यांनी फिरायला जाणं बंद केलंय."

"का? बऱ्या नाहीत?"

"डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलंय. म्हणून बिचाऱ्या रोज सकाळी गल्लीत फेऱ्या घालायच्या. तर म्हणे वरून एक माणूस ओरडतो 'फारच जाड', समोरून दुसरा ओरडतो 'कालच्यापेक्षाही?' रडत होत्या हो माझ्यापाशी."

सरांच्या हातातलं हँडल तसंच राहिलं. पंधरवडाभर आपण काय काय ओरडलो ते त्यांना एकेक आठवू लागलं. 'आज बघवत नाही' आठवलं तेव्हा त्यांनी हँडल ओट्यावर ठेवून डोळे मिटले.

"तू सांगितलंस ना, कॉफीबद्दल?"

"सांगितलं. म्हणाल्या, कॉफी कुठं जाड असते का? मलाच खोटं वाटायला लागलं सांगताना."

चित्रकलेच्या सरांना बोलावून घेतलं. ते आयुष्यात पहिल्यांदा न कुरकुरता जिना चढले. दोघं खालच्या मजल्यावर गेले आणि वर्गाबाहेर उभं केल्यासारखे दारात उभे राहिले. दार उघडलं. बाई खरंच चांगल्या भरलेल्या होत्या, त्यामुळे कुठं बघावं ते दोघांनाही कळेना.

"बाई, ते तुम्हाला नव्हतं," गणिताचे सर म्हणाले.

"मग कुणाला? त्या वेळी गल्लीत मी एकटीच असते."

"दळणाला. जाड दळण आणि बारीक दळण."

"आणि 'बारीक करतो' म्हणाले ते? मला कोण बारीक करणार होतं?"

"मीच," चित्रकलेचे सर म्हणाले, आणि जीभ चावून उभे राहिले. "म्हणजे कॉफीला."

बाईंनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. "चला," त्या म्हणाल्या. "दाखवा मला. काय जाड आणि काय बारीक, डोळ्यांनी बघते."

चित्रकलेचे सर रस्ता ओलांडून आपला ग्राइंडर छातीशी धरून घेऊन आले. गॅलरीचं दार लावून घेतलं गेलं. बायकोनं कानावर हात ठेवले, पण नाही म्हणाली नाही. दोन प्रकारचं दळण दोन बशांत काढून बाईंपुढं ठेवलं. त्यांनी चिमटीत धरून दोन्ही चोळून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा जरासा सैल झाला. मग गणिताच्या सरांनी कॉफी काढली. हँडलला हात लावण्याआधी दाब उतरेपर्यंत ते श्वास रोखून थांबले.

चौघं स्वयंपाकघरातल्या लहान टेबलाभोवती दाटीवाटीनं बसले. बाईंनी एक घोट घेतला. "वाईट नाही."

"पण ती नव्हे," गणिताचे सर उसासून म्हणाले. "शाळेसमोर एक दुकान होतं. सगळं करून बघितलं, ती चव येत नाही."

"तुम्ही दोघं पिता कुठं बसून?"

"मी इथं. सर त्यांच्या घरी. थर्मास जातो ना."

"वेगवेगळे?" बाईंनी कप खाली ठेवला. "म्हणजे एवढे दिवस एकदाही एकत्र बसून प्यायलेली नाही?"

उत्तर सोपं होतं, पण गणिताच्या सरांनाही ते सुचलं नव्हतं. चित्रकलेच्या सरांनी हातातल्या कपातला दुसरा घोट घेतला, जरा वेळ तोंडात धरला, आणि म्हणाले, "सर, शून्याला आकार असतोच."

"नसतो! तुम्ही काढता ती निशाणी असते!"

"मग मुलांना गोल काढायला का शिकवायचात?"

आवाज चढले. बायको कपाळाला हात लावून हसायला लागली. बाई मात्र दोघांचं ऐकत होत्या, एखादं जुनं गाणं ऐकावं तशा. शेवटी म्हणाल्या, "तेव्हाही यावरच भांडायचात. अजून निकाल लागला नाही?"

भांडण जागच्या जागी थांबलं.

"तुम्हाला काय माहीत?" चित्रकलेच्या सरांनी विचारलं.

"शाळेमागच्या पोस्टात होते मी. तुमच्या पाठीमागच्या टेबलावर बसायचे, रोज. कॉफी काय, बरी असायची. मी यायचे ते तुमचं ऐकायला. घरी एवढं बोलणारं कुणी नव्हतं."

गणिताचे सर ओशाळले. इतकी वर्षं हाताच्या अंतरावर बसलेलं माणूस, आणि आता एकाच इमारतीत राहूनही आपल्याला ओळखता येऊ नये! ते कळवळून म्हणाले, "बाई, मग आम्ही तुम्हाला ओळखलं कसं नाही?"

बाईंनी उरलेली कॉफी सावकाश संपवली आणि कप बशीत ठेवला.

"कसं ओळखाल?" त्या म्हणाल्या. "तेव्हा मी बारीक होते."