गोगलगायीच्या विषाने कर्करोग बरा झालेली बाई

कुठलाही शोध फ्लेक्सवर आल्याशिवाय लागला असे धरत नाहीत. फिलिपिन्समधल्या सेबू शहरासमोरच्या आमच्या बेटावरही हा नियम काटेकोर पाळतात.

विद्यापीठाच्या डॉक्टरीणबाईंनी इथल्या समुद्री गोगलगायीचे विष काचेच्या बशीतल्या कर्करोगाच्या पेशींवर टाकले. पेशी मेल्या. लगेच बेटाचे प्रमुख कॅप्टन अलिपियो यांनी धक्क्यावर फ्लेक्स लावला : 'कर्करोगावर मात! हार्दिक अभिनंदन!' (फोटोत कॅप्टन पुरुषभर, गोगलगाय नखाएवढी; डॉक्टरीणबाई जागेअभावी नाहीत.) याच गोगलगायीने डंख मारून आमचे दोन पाणबुडे मारले आहेत, पण त्यांचा फ्लेक्स झाला नसल्याने ते आकडेवारीत येत नाहीत.

अडचण एवढीच, की सुकी मासळी विकणाऱ्या बेनिताच्या छातीत खरीखुरी गाठ होती आणि सेबूच्या इस्पितळाने ऑपरेशनची तारीख दिली होती.

"मनांग, दारातल्या समुद्रात औषध असताना सुरी कशाला?" कॅप्टन म्हणाले (मनांग म्हणजे ताई). "बेटाची बदनामी होईल!"

बेनिताला सुरीची भीती वाटतच होती, त्यामुळे हे फार पटले. तारीख हुकली. गाठीला मात्र वाचता येत नसावे. ती वाढतच राहिली.

शेवटी घाबरून बेनिताने डॉक्टरीणबाईंना विचारले, "बाई, औषध कधी मिळणार?"

"अहो, अजून उंदरापर्यंतसुद्धा पोचलो नाही. बशीतल्या पेशी साबणाच्या पाण्यानेही मरतात. आधी ऑपरेशन करून घ्या, माझे आई!"

"मग तो फ्लेक्स कशाला लावलात?"

"मी? मी दिसते का त्यात कुठे?"

बेनिता कोणाला न सांगता सेबूला गेली. गाठ काढली, पुढची औषधे झाली, केस गेले, जीव वाचला. परतली तर धक्क्यावर बँड, मेजवानीचे भाजलेले डुक्कर आणि नवा फ्लेक्स. त्यावर तिचा हसरा फोटो (कॅप्टनपेक्षा बेताचा) आणि खाली एक ओळ.

"अरे मेल्यांनो, मला कापलंय! सुरीनं!" ती ओरडली. बँडवाल्यांना वाटले, फर्माईश आहे. त्यांनी आवाज वाढवला.

ती ओळ म्हणजेच या गोष्टीचे शीर्षक. ते वाचल्याबरोबर, पुढचे वाचण्याआधीच, तुम्ही ते आपल्या आत्याला पाठवून दिलेत. माया असावी तर अशी. आत्यांनी आजच इस्पितळात फोन करून तारीख रद्द केली.