आग्रहाशिवाय दुसरा तुकडा

रविवारी सकाळी साडेनऊला देवयानीने खाऊच्या कपाटातली पाकिटं काढून जेवणाच्या टेबलावर एका ओळीत मांडली. एकूण अकरा निघाली. सगळी ओट्स आणि फळांच्या बारची. प्रत्येकावर पळणाऱ्या सडपातळ मुलीचं चित्र होतं.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"नाश्ता," चंद्रहास म्हणाला.

"मागची बारीक अक्षरं वाच."

चंद्रहास रेल्वेत माल तपासणीचा इंजिनिअर होता. डब्यांच्या स्प्रिंगा असोत की ब्रेकचे ठोकळे, त्याच्या सहीशिवाय काहीही डेपोत जात नसे. बारीक अक्षरं वाचणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा होता. घरी मात्र तो चष्मा लावत नसे.

"साखर," देवयानीनेच वाचलं. "मग ग्लुकोजचं सिरप. मग पामतेल. मग पुन्हा साखर, वेगळ्या नावाने. मग ओट्स. फळं तीन टक्के. आणि तुझा शुगरचा रिपोर्ट काठावर आहे."

"काठावर म्हणजे मर्यादेत. आमच्याकडे तो माल पास होतो."

"मम्मा, यार, सब यही खाते हैं," अनन्या म्हणाली. ती नववीत होती. मराठी तिला सगळं कळत असे, आणि उत्तर ती हिंदीतच देत असे.

"आजपासून हे बंद. बार मी घरी करणार. साखर नाही, तूप नाही, मैदा नाही."

टेबलाच्या टोकाला चंद्रहासची आई, कल्पनाताई, चहात खारी बुडवत होत्या. त्या सांगलीहून लखनौला दोन महिन्यांसाठी आल्या होत्या आणि हा पाचवा महिना होता. "साखर नाही, तूप नाही, मग उरलं काय गं?" त्यांनी विचारलं. "ताट?"

देवयानी वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत होती. प्रयोगाआधीच निष्कर्ष काढणाऱ्या माणसांची तिला सवय होती. "आई, आधी खाऊन बघा, मग बोला," ती म्हणाली.

"खाऊन बघायचं तर रीतसर बघू," चंद्रहासला एकदम हुरूप आला. त्याने कागद घेतला आणि दहा मिनिटांत चाचणीचा करार लिहून काढला. येत्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता नमुना सादर व्हावा. तिन्ही खाणाऱ्यांनी आपल्या हाताने दुसरा तुकडा उचलला, तर नमुना पास आणि पाकिटं वर्षभर बंद. एकाने जरी उचलला नाही, तरी नमुना नापास. अशा वेळी घरात कोण काय खातं, यावर देवयानीने वर्षभर अवाक्षर काढायचं नाही.

"आणि आग्रह करायचा नाही," कल्पनाताई म्हणाल्या. "ती उभी राहून बघत बसली की माणूस भीतीने घेतो. ते लिही."

चंद्रहासने लिहिलं : आग्रह निषिद्ध, डोळ्यांनीसुद्धा.

देवयानीने सही केली. एक वर्ष गप्प बसण्याची शक्यता तिच्या हिशेबातच नव्हती.

शनिवारी दुपारी बारापर्यंत सगळं वजन करून तयार होतं. ओट्स सातशे ग्रॅम, बिया काढलेला खजूर चारशे, अंजीर दोनशे, पिकलेली केळी, किसलेलं सफरचंद, अक्रोड, चिमूटभर मीठ. तिने मिश्रण ट्रेमध्ये थापून ओव्हनमध्ये सरकवलं आणि बटण दाबलं. घरातले दिवे गेले.

जानेवारी होता. कल्पनाताईंच्या खोलीत हीटर चालू होता, अनन्याने गीझर लावला होता आणि सरकारी क्वार्टरच्या वायरिंगला इतकंच झेपत होतं.

"हीटर वीस मिनिटं बंद करू या का, आई?"

"कर की. मला काय, थंडीने जाईन. तुझी वडी होऊ दे."

"वडी नाही, बार."

"काही बंद करायची गरज नाही," चंद्रहास म्हणाला. "लोड वाटून घेऊ." त्याने अनन्याच्या अभ्यासाच्या टेबलावरची एक्स्टेन्शन वायर बाहेरच्या खोलीतून ओढत आणली आणि ओव्हन तिला जोडला. ओव्हन तापू लागला. सात मिनिटांनी वायरही तापू लागली. मग जळक्या रबराचा वास आला, एक निळी ठिणगी उडाली आणि ओव्हन गप्प झाला.

चंद्रहासने तो उघडला. पाऊण तासाने बंद केला. तीन स्क्रू हातात उरले.

"हे कशाचे?" देवयानीने विचारलं.

"जादाचे असतात. कंपनी देते."

ओव्हन चालू झाला नाही. चंद्रहास मोठ्या मनाने म्हणाला, "मुदतवाढीचा अर्ज दे. पुरवठादाराला एकदा मिळते."

"मुदतवाढ नको."

"अगं, कढईत परत आणि ताटात थाप," कल्पनाताईंनी सुचवलं. "सुरीने काप. कोणाला कळतंय?"

"मला कळेल."

"मम्मा, चौक चलो न," अनन्या म्हणाली. "वहाँ भट्टी है, जहाँ लोग अपना सामान देकर बिस्किट बनवाते हैं. शिरीन की नानी हर सर्दियों में बनवाती हैं."

तीनला दहा मिनिटं कमी असताना दोघी स्कूटरवरून जुन्या शहरातल्या चौक भागात पोहोचल्या. मिश्रणाचं पातेलं अनन्याच्या मांडीवर होतं.

भट्टी एका अरुंद गल्लीत होती. बाहेरच्या बाकावर पाच-सहा बायका आपापले पत्र्याचे डबे घेऊन बसल्या होत्या. इथली पद्धत जुनी होती. घरून आटा, तूप, साखर आणायची, कारागिराच्या हवाली करायची आणि आपली बिस्किटं भाजून निघेपर्यंत बाकावर बसून दुसरीच्या मालाला नावं ठेवायची. सगळा कारभार रईसभाईंच्या हातात होता. पन्नाशीचा माणूस, पांढरी टोपी, कोपरापर्यंत पीठ. त्यांनी पातेल्याचं झाकण उचललं आणि बराच वेळ आत पाहिलं.

"भाभी जी, इसमें घी कितना है?"

"घी नहीं है."

"चीनी?"

"नहीं."

"मैदा तो होगा?"

"वो भी नहीं."

रईसभाईंनी झाकण हळूच खाली ठेवलं. "घर में सब ख़ैरियत तो है?"

बाकावरच्या बायका सरसावून बसल्या. एकीने उठून पातेल्यात डोकावलं आणि परत येऊन बाकीच्यांना काहीतरी सांगितलं. देवयानीने आवाज चढवला नाही. "सब ठीक है. बस सेंकना है. पच्चीस मिनट. और इसमें कुछ मिलाना नहीं है. बिल्कुल कुछ नहीं."

"जो हुक्म. लेकिन बग़ैर घी के ट्रे में चिपक जाएगा. ऐसा कीजिए, नुक्कड़ के आगे काग़ज़ वाले के यहाँ से बटर पेपर ले आइए. तब तक भट्टी बराबर गरम हो जाएगी."

सल्ला शास्त्रशुद्ध होता, त्यामुळे तिला संशय आला नाही. कागदवाल्याचं दुकान नाक्याच्या पुढे होतं, आणि नाका म्हणजे दोन ई-रिक्षा, एक हातगाडी आणि लग्नाच्या बँडचा टेम्पो एकमेकांत अडकलेली जागा. दोघी परतल्या तेव्हा पस्तीस मिनिटं झाली होती आणि ट्रे भट्टीत गेले होते.

"काग़ज़ था मेरे पास, निकल आया," रईसभाई दुसरीकडे बघत म्हणाले.

चार वाजून पाच मिनिटांनी ट्रे बाहेर आला. बार सोनेरी, कडा नीट. भाजलेल्या अक्रोडाचा वास गल्लीभर पसरला. रईसभाईंनी स्वतः कापून डब्यात भरले. बाकावरच्या बायका या वेळी का कोण जाणे, गप्प होत्या आणि तोंडं हलवत होत्या. देवयानीने तिकडे लक्ष दिलं नाही. घड्याळात पाऊण तास उरला होता.

बरोबर पाचला डबा टेबलावर आला. करारानुसार देवयानी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

पहिला घास कल्पनाताईंनी घेतला. मग अनन्याने, मग चंद्रहासने. देवयानीला भिंतीवरच्या कॅलेंडरचे सगळे वार पाठ झाले. मग डब्याचा आवाज आला. मग पुन्हा आला. मग तिसऱ्यांदा आणि लगेच चौथ्यांदा.

"आई, तिसरा?" चंद्रहासचा आवाज आला.

"मोजतोस काय आईचं खाणं? तुझा चौथा आहे."

"मम्मा, ये तो मस्त है! सच में!"

"नमुना पास," चंद्रहास म्हणाला. त्याने कागदावर सही केली, तारीख टाकली आणि वेळही टाकली. "मी हरलो. वर्षभर पाकीट नाही. घरात फक्त हेच."

देवयानी वळली. एक आठवडा तिने हा क्षण मनात ठरवून ठेवला होता. चेहरा अगदी साधा ठेवायचा, हेही ठरलेलं होतं. तिने एक बार उचलला, तोंडात टाकला आणि दोनदा चावून थांबली.

तूप. साखर. वेलदोडा. मागाहून खवा.

ती स्वयंपाकघरात गेली, दार लोटून घेतलं आणि डब्यावर चिकटवलेल्या नंबरावर फोन लावला.

"रईसभाई, आपने इसमें क्या मिलाया?"

"कुछ नहीं, भाभी जी."

"रईसभाई."

"बस पाव भर घी. डेढ़ पाव चीनी. मैदा बस नाम को. और खोया तो बचा हुआ था, उसको तो मिलाना न कहिए. मेरी भट्टी से आज तक ऐसी चीज़ नहीं निकली जिस पर मुझे शर्मिंदगी हो."

"मैंने मना किया था!"

"इसीलिए तो पूरे में नहीं मिलाया. आधा वैसे का वैसा सेंका. आपकी अमानत थी."

"वो आधा कहाँ है?"

रईसभाई खाकरले. "वो ट्रे ज़रा पहले निकला था, पीछे रखा था. बेंच वाली बहनों ने चखा. हँसने के लिए चखा था, झूठ नहीं बोलूँगा. फिर एक-एक और माँग लिया. मैंने कहा, अमानत है, हाथ मत लगाओ. नहीं मानीं. अब कुछ बचा नहीं."

देवयानीने फोन ठेवला. म्हणजे तिचा खरा नमुना पास झाला होता. कोणी आग्रह केला नव्हता, उलट अडवलं होतं, तरी अनोळखी बायकांनी दुसरा तुकडा मागून घेतला होता. पण पुरावा त्यांच्या पोटात होता, आणि घरात पास झालेला नमुना भेसळीचा होता.

ती बाहेर आली आणि सगळं सांगितलं. बाकावरच्या बायकांचंही सांगितलं.

"त्या साक्षीदार करारात नाहीत," चंद्रहास म्हणाला.

"तुला तूप कळलं नाही? वीस वर्षं माल तपासतोस."

"पहिल्या घासाला कळलं."

"मग?"

"तपासणी अधिकाऱ्याने समोर आलेला नमुना तपासायचा असतो. कुठून आला ते विचारायचं नसतं." त्याने पाचवा बार घेतला. "आणि एकदा नमुना पास झाला की वर्षभराचा माल त्याच्याबरहुकूम द्यावा लागतो. तूप कमी केलं तर मी लॉट परत पाठवीन."

कल्पनाताईंनी मान डोलावली. "खवाही कमी करू नकोस हं."

तिघे आशेने तिच्याकडे पाहत होते. तोंड बंद ठेवलं असतं तर विजय तिचा होता. फक्त तो दर आठवड्याला पावशेर तुपात भाजावा लागला असता आणि काठावरच्या रिपोर्टला तिच्याच हातून पलीकडे ढकलावं लागलं असतं.

देवयानीने कागद ओढला. 'पास'वर काट मारून ठसठशीत अक्षरांत 'नापास' लिहिलं आणि खाली सही केली.

"अगं, पण तू जिंकली आहेस!" चंद्रहास म्हणाला.

"भेसळ करून मी जिंकत नाही. आजपासून वर्षभर तुम्ही काय खाता यावर मी एक शब्द बोलणार नाही."

आणि ती बोलली नाही. रविवारी चंद्रहासने पाकिटांचे चार खोके आणले, ती वर्तमानपत्र वाचत राहिली. सोमवारी अनन्याने रात्रीच्या जेवणाऐवजी दोन बार खाल्ले आणि तिच्याकडे चोरून पाहिलं. देवयानीने तिला गणिताचा पेपर कधी आहे ते विचारलं. मंगळवारी चंद्रहास गोड चहात तिसरा चमचा साखर घालताना मुद्दाम जोरात ढवळत बसला. चहा निवला. बुधवारी कल्पनाताईंनी विचारलं, "संध्याकाळी काय करायचं गं खायला?" देवयानी हसली आणि हवेबद्दल बोलली. गुरुवारी टेबलावरचं पाकीट कोणी उघडलंच नाही.

"असं खायला मजा येत नाही," चंद्रहास शुक्रवारी आईला म्हणाला. "ही काही बोलतच नाही."

शनिवारी सकाळी रईसभाईंचा फोन आला. "भाभी जी, बेंच वाली बहनें पूछ रही हैं, वो जिसमें कुछ नहीं था, वो कब लाएँगी? चार-पाच और आ गई हैं. एक के मियाँ को शुगर है. इस बार मैं दूर खड़ा रहूँगा, क़सम से."

बाराला ओट्सचं वजन झालं. या वेळी चौदाशे ग्रॅम. दीडला दोन पातेली स्कूटरवर पायांजवळ बसली. देवयानीने हेल्मेट घातलं. चंद्रहास पाठोपाठ दारात आला. त्याच्या हातात करार होता.

"नापासचं कलम मी रद्द करतो," तो म्हणाला.

"करार एकतर्फी रद्द होत नाही. तूच शिकवलंस."

"बरं, त्यातले थोडे घरी आणशील?"

"ते बाकावरच्या बायकांना विचारावं लागेल. ऑर्डर त्यांची आहे."

तिने स्कूटर सुरू केली. मागून कल्पनाताई शाल सावरत आल्या आणि त्यांच्या मागे अनन्या.

"अगं, मग आज आम्ही काय खायचं?" चंद्रहासने विचारलं.

देवयानीने मागे वळून तिघांकडे अतिशय प्रेमाने पाहिलं, हेल्मेटची काच खाली ओढली आणि एक शब्दही न बोलता चौकाच्या दिशेने निघून गेली.