झिंगरूजींची हजेरी

झिंगरूजी खुर्चीला आधी हाक मारतात, मग हात लावतात. "बरा हायेस का गा, डोमाजी?" असं विचारून, उत्तर यायला जेवढा वेळ लागेल तेवढा थांबतात. मग मान हलवून पॉलिशचा बोळा उचलतात. डोमाजी म्हणजे ती खुर्ची घडवणारा कारागीर. त्याला जाऊन कितीतरी वर्षं झाली.

हुडकेश्वरच्या ज्या कारखान्यात मी ऑफिस सांभाळते, तिथे उंची फर्निचर बनतं. सुरुवात संस्थानिकांच्या पलंगांपासून झाली, आता मोठ्या हॉटेलांना कोरीव खुर्च्या जातात. मालकांना या सगळ्याचा इतिहास छापायचा होता. आमच्या विणकरांच्या घरातली पहिली पदवी माझी, तीही इतिहासातली. काम मी मागूनच घेतलं.

जुनी माहिती एकट्या झिंगरूजींकडे, ते इथले सगळ्यात जुने पॉलिश-कारागीर. पण ते सालं सांगत नाहीत, माणसं सांगतात. पॉलिशला परत आलेल्या कपाटाच्या पाठीवरून डोळे मिटून हात फिरवतात आणि म्हणतात, हा सखाराम, त्या दिवशी घरून भांडून आला होता. एकदा मी चार सारख्या खुर्च्या चादरींनी झाकून त्यांच्या जागा बदलल्या. ते सरळ एकीपाशी गेले. "डोमाजीले कोंडून काहून ठेवलं वं?"

मी भुतंबितं मानत नाही. पण त्या खुर्चीवर तेव्हापासून पर्सही ठेवत नाही.

त्यांचं मागणं एकच होतं, पुस्तकात कारागिरांची नावं यावीत. मालक म्हणाले, ती वाचणार कोण? मी म्हटलं, ते पान काढणार असाल तर माझी बाकीचीही पानं परत द्या. पिढ्यान्पिढ्या विणून कुठेच नाव न आलेल्या आमच्या घराला विचारा, कागदावर नाव येणं म्हणजे काय. पान राहिलं.

छपाईला जायच्या आधी, एका दुपारी, मी ते पान झिंगरूजींना वाचून दाखवलं. लाईट गेली होती, पंखे थांबले होते. एकेका नावाला कुठून तरी लाकूड बारीकसं वाजत होतं. उन्हाळ्यात सागवान वाजतंच, मला ठाऊक आहे. शेवटचं नाव मी माझ्या मनाने घातलं होतं, झिंगरूजींचं. ते वाचलं आणि काहीच वाजलं नाही.

"मले काहून लिवलं?" ते हळूच म्हणाले. "थे सारे मेलेले हायेत."

मी ओशाळले. खोडायला पेन काढला. त्यांनी पॉलिशने लालसर झालेला पंजा त्या ओळीवर ठेवला.

"राहू दे, पोरी. मी गेल्यावर मायं लाकूड वळखणारं मांगं कोणी नाही."