आबांची ट्रंक आणि माझं तोंड

रविवारी सकाळी मी फक्त ट्रंकमागचा कचरा काढायचं ठरवलं होतं. एवढंच. (ज्यांना वाटतं की बायका मुद्दाम रविवार बघून भांडण उकरतात, त्यांनी आमच्या दिवा स्टेशनजवळच्या घरी येऊन त्या ट्रंकमागे एकदा झाडू घालून बघावा.)

ट्रंक माझ्या सासऱ्यांची. आबा मोहने गावातल्या कारखान्यात होते. चाळीतली खोली सोडून आमच्याकडे राहायला आले तेव्हा कपड्यांची एक पिशवी आणली आणि ही ट्रंक. पिशवी त्यांनी स्वतः उचललेली. ट्रंक उचलायला चार जण लागले, त्यातला एक अजून कमरेला पट्टा लावतो. आत पाने, पकडी, नळ्या, चाकं, स्प्रिंगा आणि ज्यांना नावच नाही अशा लोखंडी वस्तू. आमचं घर म्हणजे एक खोली आणि किचन. ट्रंक आल्यापासून एक ट्रंक आणि किचन.

ते पण मी सहन केलं असतं. पण आमची माया रांगायला लागली. वर्षाची होत आलेली पोर, भात सोडून जे दिसेल ते तोंडात. मी झाडू घेऊन वाकले तर ही ट्रंकला टेकून बसलेली आणि एक गाल फुगलेला. मी बोट घातलं. नट निघाला. चांगला गंजलेला.

मी अशी किंचाळले की खालच्या मजल्यावर लोकांनी आपापले गॅस बंद केले.

"आज ही ट्रंक घरातून जाईल, नाहीतर मी जाईन!"

ह्यांनी विचार केला. (करायला नको होता, पण केला.)

"अगं, आबांच्या आठवणी आहेत त्यात."

"आठवणी घशात अडकत नाहीत. नट अडकतो!"

आबांनी तो नट घेतला, सदऱ्याला पुसला, उजेडात धरला. "हा कशाचा बरं?"

"बघा! आबांनाच माहीत नाही!"

मग ह्यांनी तोडगा काढला. "जे कशाचं आहे ते कळेल, ते राहू दे. जे कुणालाच कळणार नाही, ते भंगारात. ओके?"

मी लगेच ओके केलं. निम्म्या वस्तू आबांनाच ओळखता येत नव्हत्या, म्हणजे निम्मी ट्रंक तर गेलीच. पण ह्यांनी दारातून हाक मारून समोरच्या विनीतला आणि वरच्या प्रीतमला बोलावलं. विनीत रिक्षा चालवतो, प्रीतम एसी दुरुस्त करतो. आणि त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. पुरुषमाणूस एकवेळ उपाशी राहील, पण 'मला माहीत नाही' असं बोलणार नाही.

आबांनी एक दातेरी चाक काढलं.

"रिक्षाच्या गिअरचं," विनीत बोलला.

"हट्! कॉम्प्रेसरचं आहे," प्रीतम.

"तुझ्या एसीत गिअर असतो का रे?"

"जुन्या मॉडेलमध्ये असायचा."

"म्हणजे कळलं," असं बोलून ह्यांनी चाक ठेवायच्या ढिगात टाकलं.

"अहो, दोघांनी दोन सांगितलं!"

"मग दोनदा कळलं."

वाकडी नळी निघाली, ती रिक्षाची आणि एसीची. पितळी टोपी निघाली, ती एसीची आणि रिक्षाची. वैतागून मी माझ्या पिठाच्या चाळणीची तुटलेली कडा गुपचूप पुढे सरकवली. विनीतने ती उलटसुलट करून बघितली. "जुन्या टू-स्ट्रोक रिक्षाची आहे, वहिनी. आता मिळत नाही हा पार्ट. जपून ठेवा."

तीपण ढिगात गेली. भंगाराच्या जागेवर फक्त माया बसलेली, कारण घरात तेवढीच जागा रिकामी होती.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. ताप नसताना दिवसभर पोरीचं कपाळ चाचपणारी बाई मी, आणि इथे हे लोक लोखंडाचं बारसं करत बसलेले!

आबांनी माझ्याकडे बघितलं. "सूनबाई, रडू नको. नात माझीपण आहे." त्यांनी ट्रंकच्या तळातून गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी बाहेर काढलं. "ही शेवटची. ही कुणी ओळखली नाही, तर आख्खी ट्रंक ने. मी एक शब्द बोलणार नाही."

गोणपाट सुटलं आणि खळ्ळकन आवाज झाला. मला नुसते टोकदार आकडे दिसले, आणि त्यांच्याकडे हसत सुटलेली माया. बाकी काही बघायला मी थांबलेच नाही. पोरीला उचललं आणि किचनमध्ये पळाले.

बाहेर दोघांनी ते उलटसुलट करून बघितल्याचा खळखळाट.

"हे... रिक्षाचं नाही," विनीत बोलला.

"एसीचं पण नाही," प्रीतम बोलला.

मी किचनच्या खिडकीतून गल्लीतल्या भंगारवाल्याला अशी हाक मारली की तो दोन-दोन पायऱ्या चढत आला. गोण्या भरल्या. आबा खिडकीकडे तोंड करून बसले. खरंच एक शब्द बोलले नाहीत. मी मायाला कडेवर घेऊन किचनच्या दारात उभी राहिले. भंगारवाल्याने ती शेवटची वस्तू वर उचलली. कडी, कडीला साखळ्या, साखळ्यांना आकडे.

"ये क्या है?"

"जहाजाचा नांगर. लहान साइज," विनीतला राहवलं नाही.

"नांगर कुठला? खाटकाकडे मटण टांगतात ते," प्रीतम.

"हां, मटण का ही है," भंगारवाल्याने मान डोलवली. ह्यांनीपण डोलवली. त्या अडाणी माना डोलताना बघून माझं डोकं फिरलं.

"अहो, कसलं मटण? गळ आहे तो! विहिरीत कळशी पडली की दोराला बांधून सोडतात. आकड्यात काठ अडकला की हळू ओढायचं, घाई केली की निसटते. आमच्या गावी आख्ख्या वस्तीत एकच होता, तो आमच्याच घरी ठेवलेला, कारण सगळ्यात जास्त कळश्या मीच पाडायचे!"

काय वाटलं म्हणून सांगू! सातवीत पहिली आलेले तेव्हापण असं वाटलं नव्हतं. मी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"कळलं," हे हळूच बोलले.

आबा वळले. "गळ! तरीच! चाळीतली विहीर बुजवली तेव्हा तिथनं उचललेला मी. इतकी वर्षं लोकांना विचारतोय! आणि ओळखला कुणी, माझ्या सुनेने!"

"पण आबा, दिव्यात विहीर कुठंय? इथे नळालासुद्धा पाणी येत नाही!"

"येईल की कधीतरी. आलं आणि बादली पडली, तर?"

गोण्या परत ट्रंकमध्ये ओतल्या. भंगारवाला जाता जाता दारात थांबला. त्याने पिशवीतून एक पितळी तुकडा काढून माझ्या हातात दिला. "भाभी, ये भी बता देना क्या है. आराम से." आणि रिकाम्या हाताने खाली उतरला.

राहिला मायाचा प्रश्न. तिचा हात पोचणार नाही अशी जागा आमच्या घरात एकच. तिघांनी आणि आबांनी मिळून ट्रंक उचलली आणि पलंगावर ठेवली.

"आता नाही ना पोचत ती?" हे बोलले.

नाही पोचत. माया आणि मी खाली चटईवर झोपतो. ट्रंक गादीवर. (परवा जरा गारठा होता, तर ह्यांनी उठून माझी चादर नेली आणि ट्रंकवर घातली. गंजेल म्हणे.)