मुस्तिक्काचा डावा कान

अर्धा राय-धान्याचा पाव, कोटाच्या उजव्या खिशात.

दलदलीपलीकडे एक अस्वल. (अजून आलेलं नाही.)

"लांडग्याने तिला खाल्लं असतं, तर लांडगाच आजारी पडला असता!" हे वाक्य इन्केरीचं.

छत्तीस फोटोंचा एक रोल.

एका पायातला रबरी बूट. दुसऱ्या पायातला पुढे येईल. म्हणजे येणार नाही!

तर, नीलो.

नीलोने ग्रंथालयात, कॉफीच्या टेबलाशी, चारचौघांत जाहीर करून टाकलं होतं, "यंदा भिंत माझी! अस्वल आणतो!"

दर सप्टेंबरात रान लाल-पिवळं झालं की गावात फोटोंची स्पर्धा व्हायची. जनावर अभयारण्यातलं हवं, आणि जंगली हवं. मालकीचं रेनडिअर चालणार नाही, कारण गावात माणसांपेक्षा रेनडिअरच जास्त. जिंकलेला फोटो वर्षभर कॉफीच्या टेबलामागच्या भिंतीवर. नऊ वर्षं तिथे शेजारच्या काउकोचेच फोटो! नीलोची बायको इन्केरी चारदा हरली, आणि पाच वर्षांपूर्वी गेली. कॅमेरा तिचा. त्यातलं काहीतरी एकदा त्या भिंतीवर लागावं, एवढंच नीलोला हवं होतं. बढाई आपली वरून.

"अस्वल?" काउको म्हणाला. "तुला स्वतःचा चष्मा सापडत नाही!"

"चष्मा नाकावर आहे!"

"तेच म्हणतोय."

नीलो पहाटेच दलदलीच्या काठी फांद्यांच्या आडोशाला पालथा पडला. सात वाजले. आठ वाजले. कॉफी संपली. नऊला पलीकडच्या पिवळ्या बर्चच्या झाडांत काहीतरी तपकिरी हललं. अस्वल! चांगलं कपाटाएवढं!

नेमकं तेव्हाच मागून कुणीतरी खिसा हुंगला.

रेनडिअर! म्हातारी मादी, मोडक्या खुर्चीसारखी वाकडी शिंगं.

"हुश! जा घरी!" नीलो कुजबुजला.

ती हलेना. गप्प बसावी म्हणून त्याने पावाचा तुकडा दिला. चूक! पंगतीत जिलबीचं ताट दिसावं तसा तिचा चेहरा उजळला, आणि ती थेट कॅमेऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"अगं बाई, सरक! तुझा फोटो कोण मागतंय? कुणाची तू, कुणास ठाऊक!"

ती जवळ आली. तिच्या श्वासाने चष्म्यावर वाफ. टोपीने पुसावा, तर टोपीचा गोंडा तिच्या तोंडात! नीलोने एका कोपराने तिला ढकललं आणि वाफेतूनच अस्वलाच्या दिशेने फोटो काढत सुटला. छत्तीसच्या छत्तीस! मग कॅमेऱ्याचा पट्टा तिच्या शिंगात अडकला. ती निघाली दलदलीत, तिच्यामागे कॅमेरा, आणि पट्टा गळ्यातच असल्यामुळे कॅमेऱ्यामागे नीलो! डावा बूट चिखलाने गिळला. अस्वलाने ही वरात क्षणभर पाहिली आणि तोंड फिरवून निघून गेलं.

पट्टा सुटला, ती रानात गेली, आणि नीलो एका बुटाने पण विजयी मुद्रेने गावात शिरला. रोल त्याने ग्रंथालयाच्या सिस्कोला दिला. "मला दाखवूही नकोस! ज्यात जनावर सगळ्यात ठळक दिसेल तो मोठा करून लाव!"

सिस्को सांगितलेलं ऐकणारी मुलगी.

प्रदर्शनाच्या दिवशी अख्खा गाव जमला. अंगणात सॉसेज भाजायला ठेवले. सिस्कोने कापड ओढलं.

कान! टेबलाएवढा कान! आणि पार कोपऱ्यात एक तपकिरी ठिपका.

"ते अस्वल," नीलो म्हणाला.

"तो कॉफीचा डाग आहे," काउको म्हणाला.

छप्पर उडेल असं हसू फुटलं. आणि मग पुढच्या रांगेपासून मागे मागे विझत गेलं. गावाला माणसांची आडनावं आठवणार नाहीत, पण रेनडिअरच्या कानावर मालकाने कापलेल्या खाचा झोपेतही वाचता येतात. ज्याची त्याची खूण वेगळी. टोकाला एक खाच, खाली दोन.

"नीलोकाका," सिस्को हळूच म्हणाली, "ही तर इन्केरीकाकूंची खूण."

मुस्तिक्का! इन्केरीने बाटलीने दूध पाजून वाढवलेली! सहा वर्षांपूर्वी रानात मोकळा चरणारा कळप गोळा केला तेव्हा ती परतलीच नाही. नीलो म्हणाला, लांडग्याने नेली. इन्केरी म्हणाली, "छट! येईल ती. मला नाही भेटली तर तुला भेटेल. खिशात पाव ठेवत जा." हिवाळाभर भांडण चाललं. पुढे इन्केरी गेली. नीलो रोज खिशात पाव ठेवत राहिला. कशासाठी, ते त्याने स्वतःला कधी विचारलं नाही.

काउको खाकरला. "नियम म्हणजे नियम. मालकीचं जनावर चालत नाही."

"मालकीण आहे कुठे? म्हणजे जंगलीच झालं की!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"खूण आहे तोवर मालकी आहे!"

सॉसेज करपेपर्यंत वाद रंगला. शेवटी बक्षीस काउकोने काढलेल्या रानकोंबड्याच्या फोटोलाच, दहाव्यांदा! मग काउको उठला, त्याने हातोडी घेतली. "माझा कोंबडा दाराशी चालेल," असं पुटपुटत त्याने तो कान स्वतःच्या हाताने कॉफीच्या टेबलामागे ठोकला.

नीलो कितीतरी वेळ चष्मा पुसत होता.

"हरलो म्हणायचं."

"स्पर्धा? हो," काउको म्हणाला.

"स्पर्धेचं कोण बोलतंय! बायकोशी हरलो. बरं, आता हे तिच्यापाशी कबूल करावं, तर ती आहे कुठे?"

मुस्तिक्काच्या कानावर ती खूण केली, तेव्हा सुरी इन्केरीच्या हातात होती आणि पाडसाचं डोकं नीलोने धरलं होतं.