नथूबाबांचे फुटाणे

आमच्या गावात माणसं भेटली की राम राम म्हणत. नथूबाबा म्हणत, "दात घासलं का?" लग्नात भेटा, बाजारात भेटा, मयताला भेटा, प्रश्न तोच. म्हसाजवळच्या त्या गावातल्या शाळेवर मी शिक्षिका म्हणून हजर व्हायला आले, तेव्हा एस.टी.तून उतरल्यावर भेटलेला पहिला माणूस हाच. नोकरीचा पहिला दिवस, काखेत वळकटी, आणि हा म्हातारा माझ्या तोंडाकडे निरखून विचारतोय, "बाई, दात घासलं का?" मी भयंकर चिडले. "घासल्यालं दिसत्यात," असं स्वतःशीच म्हणून त्यांनी माझ्या काखेतली वळकटी घेतली आणि चालू लागले.

पुढे त्यांच्याच शेजारची खोली मला भाड्याने मिळाली. रोज सकाळी नथूबाबा कुंपणाशी उभे राहून करंजाची काडी चघळत. गप्पा मारता मारता तिचं टोक चावून चावून कापसासारखं मऊ करत. आणि एवढं करून ती काडी स्वतःच्या दातांना लावतच नसत. पळसाच्या पानात गुंडाळून घरात घेऊन जात. गावाच्या मते ही चिकटपणाची हद्द होती.

पण बायकांचा खरा राग होता तो फुटाण्यांवरून. नथूबाबांची बायको, ठमाबाय, सांधेवाताने पार गांजलेली. हाताची बोटं वाकडी झालेली, आणि वात जबड्याच्या सांध्यातही शिरलेला, त्यामुळे तोंड जेमतेम उघडे. नाचणीची पेज नाहीतर मऊ भात, एवढंच तिचं खाणं. आणि हा गृहस्थ संध्याकाळी ओटीवर तिला अगदी खेटून बसे आणि तिच्या कानाशी कुडूम कुडूम फुटाणे फोडी. मला तो आवाज ऐकवत नसे. मी खिडकी धाडकन लावून घेई, म्हणजे निदान त्याला समजावं. त्याला काही समजत नसे.

म्हसाच्या जत्रेत तर नथूबाबांनी कमालच केली. तिथे एक दात उपटणारा बसे. पुढ्यात फडकं, फडक्यावर उपटलेल्या दातांचा ढीग, हातात सांडशी. नथूबाबा त्याच्यासमोर उभे राहून एकेक गिऱ्हाईक पळवून लावू लागले.

"उठ रे, घरी जा. उपटू नको."

"बाबा, ठणकतोय रातभर!"

"ठणकू दे! दात काय भाताचं रोप हाय, हितून उपटलं नि तिथं लावलं? उपटला की गेला!"

दातवाला शेवटी हात जोडून म्हणाला, "आजोबा, तुमचे सगळे फुकट काढतो, पण इथून जा." सगळी जत्रा हसली. नथूबाबा मात्र हलेनात. हवालदाराने त्यांना दंडाला धरून बाजूला नेलं, तरी ते मागे वळून ओरडतच होते. गंमत म्हणून बघायला थांबलेली मी, पण त्यांचा एवढा आकांत कशासाठी, ते मला काही कळलं नाही.

एकदा सकाळी चुलीसाठी विस्तव मागायला त्यांच्या मागल्या दारी गेले. ठमाबाय उन्हात पाटावर बसली होती. नथूबाबा तव्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडी तिच्या कानशिलाखाली धरून शेकत होते. मग पळसाच्या पानातून ती मऊ काडी काढली, तिची हनुवटी हलकेच धरली.

"आ कर गो. जरा. आनखी जरा."

ती करंगळीएवढं तोंड उघडत होती आणि हे स्वतःचं तोंड ताणून पुरतं उघडं टाकून बसले होते, लेकराला भरवताना आई बसते तसे. काडी सावकाश आत गेली. एकेक दात पुसून झाला. मी विस्तव न घेताच मागे फिरले.

ठमाबायने मला पाहिलं होतं. दुपारी तिनेच हाक मारली. बोलणंही तिला जड जाई, थांबत थांबत सांगत होती.

"माज्या बोटांनी राखुंडी धरवत नाय. म्हनून ह्ये घासत्यात." मग कल्याणच्या डॉक्टरचं निघालं. सांध्यांचं विष दातांत असतं, दात काढले की वात जातो, असं त्या काळी चांगल्या चांगल्या डॉक्टरांनाही वाटे. ते डॉक्टर म्हणाले होते, बघू, घाई नको. घाई केली ती नथूबाबांनी. बायको पुन्हा भातलावणीला उभी राहील या आशेने. म्हणाले, काढा, सगळं काढा. "दोन दाढा काढल्या. घट्ट व्हत्या हो, बाई. माजी हनुवटी ह्यांनीच धरली व्हती." वात तसाच राहिला. ताणलेला जबडा मात्र नंतर आणखी आखडला. उरलेले दात नथूबाबांनी काढू दिले नाहीत.

मी न राहवून विचारलं, "आणि ते फुटाणे?"

ती हसली. हसताना जबडा दुखे, म्हणून गाल धरून हसली. "मीच सांगते त्यांना. मला कुटून त्येचं पीठ देत्यात, पन वाजत नाय. वाजल्याबिगर फुटाना कसला? म्हनून म्हनते, तुमी माज्या कानाशी चावा."

त्या संध्याकाळपासून मी खिडकी उघडी ठेवू लागले.

पुढे माझी बदली शहापूरला झाली. काही वर्षांनी जत्रेच्या दिवसांत गेले, तेव्हा ठमाबाय नव्हती. नथूबाबा ओटीवर एकटेच बसलेले, शेजारी फुटाण्यांचा पुडा, सोडलेलासुद्धा नाही. मी समोर बसले, तरी त्यांनी दातांचं विचारलं नाही. फार वाईट वाटलं.

मग म्हणाले, "शेवटपत्तुर बाकीचे दात शाबूत व्हते तिचे. त्या दोन दाढा तेवढ्या… मी धरली नसती हनुवटी, तर."

त्यांनी पुडा सोडला आणि मूठभर फुटाणे माझ्या ओंजळीत घातले.

"तुम्ही घ्या ना," मी म्हटलं.

"मला नको. तुमी खावा. पन वाजवून खावा."

मी एक फुटाणा फोडला. नथूबाबा सरकून जवळ आले, कान माझ्याकडे केला आणि डोळे मिटले.

"सावकाश, बाई," ते म्हणाले. "ती म्हनायची, लवकर संपवू नका."