दोन्हीकडची वकीलताई

माझ्या लग्नात आमची वकीलताई ना नवऱ्याकडं उभी राहिली ना नवरीकडं. नात्यानं ती माझी चुलत नणंद, म्हंजे करवली तिनंच व्हायचं, साडीपन घेतलेली तिच्यासाठी, पन ती बोलली, "मी कोनाच्या बाजूची नाय," आनि जाऊन अंतरपाटाच्या टोकाशी उभी राहिली, बरोबर मधी. भटजी बोलले, जरा सरका. ती अर्धा पाऊल मागं सरकली, बाजूला नाय. आमचा अल्बम बघा, एकीकडं हे, एकीकडं मी आनि मधी ताईचा चष्मा.

मी आठवी शिकलेली. माहेर शहापूरकडं, तानशा धरनाच्या अंगाला, आनि दिली हिकडं धसईजवळ. मला सगळ्याचीच भीती वाटते, सासूची, विंचवाची, फोनवर अनोळखी मानूस बोलला तर त्याचीपन. ताईची तर जास्तच वाटायची, कारन ती वकील.

खरीखुरी वकील हाय ती. धसई ते मुरबाड, मुरबाड ते कल्यान, एसटीनं जाऊन येऊन शिकली, पास झाली, बापानं काळा कोट शिवून दिला. थोडेच दिवस घातला. मंग घरी येऊन बोलली, "तिथं ज्यानं वकील लावला त्याचंच मांडायला लागतं. समोरच्याचं खरं दिसलं तरी आपन गप. मला नाय जमनार." आनि तिनं मुरबाडला पेपर काढला. चार पानी, आठवड्याला एक. लिहिनारी तीच, फोटो काढनारी तीच, स्टँडवर वाटनारीपन तीच. बाप रुसून भावाकडं डोंबिवलीला गेला तो गेलाच. आमच्यापासनं दोन घरं सोडून ती एकटीच राहते.

तिच्या तोंडात एकच, "आन् त्याचं म्हननं?" तुमी काय पन सांगा, बैल मेला सांगा, सून पळाली सांगा, ती चष्मा वर करनार आनि बोलनार, "हां. आन् त्याचं म्हननं?" एकदा हे जेवताना बोलले भाजी खारट झाली. ताई दारात उभी होती. माझ्याकडं बघून बोलली, "आन् हिचं म्हननं?" मी बोलले, मला बरी लागली. तर ताई खरंच आत आली, चमच्यानं भाजी खाल्ली आनि बोलली, "खारट हाय. पन थोडी."

गावात नळाचं उद्घाटन झालं तेव्हा तिनं छापलं, "नळ बसला. पानी आलं नाय. सरपंच बोलले येईल. बाया बोलल्या, बघू." सरपंच रागावले, पानी आलं नाय असं छापलं म्हनून. दुसरी पार्टी रागावली, सरपंचाचं म्हननं छापलंच कशाला म्हनून. तेव्हापासनं तिला कोन सत्यनारायनाला बोलवत नाय. बोलावलं तर काय लिहील, काय सांगता येतं.

आता जे झालं ते सांगते.

माझी स्वरा तेव्हा पाच महिन्यांची. उपकेंद्रात सिस्टरनं लस दिली आनि घरी आल्यावर पोरगी रडायचं थांबेना. दोन रात्री मला झोप नाय. दुपार झालेली, घरात कोन नाय, सगळी शेतावर. मी सहान घेतली, गुटी उगाळायला बसले. हळकुंड, वेखंड, शेवटी जायफळ. जायफळाचा एकच वेढा द्यायचा असतो, पोर शांत झोपतं. पन ऊन बाहेर पिवळं पिवळं हलत होतं, जायफळाचा तो गोड वास, माझेच डोळे मिटत चाललेले, आनि हात आपला फिरतोय, फिरतोय. मला वाटलं मी माहेरी हाय, धरनाचं पानी बघत. किती वेढे झाले, माझं मलाच ठाऊक नाय. तसंच पाजलं.

पोरगी झोपली. मी पन तिच्या बाजूला झोपले. उठले तर सासू हाका मारते आनि पोरगी डोळे उघडेना. श्वास चाललेला, पन अंग कसं वल्या फडक्यासारखं. मंग जीप, मुरबाड, दवाखाना. डॉक्टर बोलले, काय पाजलंत? मी बोलले, कायच नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी जागी झाली, दूध प्याली. पन तवर गावात बोभाटा झालेला की सुईनं झालं. आमी गावात आलो तर मानसं उपकेंद्राला टाळं ठोकायला जमलेली, सिस्टर आत भिंतीला टेकून उभी, आनि ताई नेमकी दारात, मधी.

"सिस्टरचं म्हननं काय ते तरी ऐका," ती बोलली.

"तू कोनाच्या बाजूची गो?" एकानं इचारलं. "तुझ्याच भावाची पोर हाय ना ती?"

"पोरीच्या आईला इचारून येते, तवर थांबा," ती बोलली. तिथनं सरळ आमच्या मागोमाग घरात आली, वही काढली. "सोनाली, तुझं म्हननं सांग."

मी सांगितलं, सुई दिल्यापासनं पोर मलूल होती. तिनं लिहून घेतलं. पन उठली नाय. वही मांडीवर, पेन उघडं, नुसती बसून. कोपऱ्यात सहान तशीच पडलेली, न धुतलेली, तिच्यावर जायफळाचं वाळलेलं तपकिरी गोल. ताईनं तिकडं बघितलं. मंग माझ्याकडं. माझ्याच तोंडातनं सगळं बाहेर पडलं.

"हे छापायला लागेल गो," ती हळू बोलली.

"ताई, हे मला माहेरी धाडतील."

"तुझं नाव नाय टाकनार. पन तू गप बसलीस तर सिस्टरची नोकरी जाते. आधी घरात तू सांग. मी बसते इथंच."

सासू आली. मी सांगितलं. सासूनं डोक्याला हात लावला, मंग दाराकडं बोट केलं, "उचल तुझी पिशवी."

"काकी," ताई बोलली, "तुझं म्हननं घ्यायचं हाय. तू जायफळाचे वेढे किती द्यायचीस?"

"एकच. मोजून."

"तुला कोनी शिकवलं?"

"माझ्या सासूनं. हात धरून."

"आन् हिला कोनी शिकवलं?"

सासू खाली बसली, पोरीला माझ्याकडनं घेतलं आनि बोलली, "कोनीच नाय गो. मला टाइमच नव्हता."

टाळं लागलं नाय. पेपरात आलं, सुईचा दोष नाय, जायफळ जास्त झालं, तेपन घरोघरी जुन्या बायांनी नव्यांना वेढे शिकवले नायत म्हनून. सिस्टर आता लसीच्या दिवशी गुटीचं पन सांगते, लहान पोरांना जायफळ देऊच नका बोलते. पन ताईला कोनी चांगलं बोललं नाय. गाववाले बोलले, सिस्टरनं फितवली. सिस्टर बोलली, छापायचंच होतं तर एक दिवस आधी तरी छापायचं.

तेव्हापासनं ताई रोज संध्याकाळी येते. पहिल्या दिवशी बोलली, "पाठपुरावा करायला आले. बातमी छापली की सोडून द्यायची नसते." दुसऱ्या दिवशीपन तेच. आता वरीस होत आलं. पोरगी तिच्या मांडीवर झोपते आनि ताई हलत नाय, पाय बधीर होतो, डास चावतात, तरी नाय. डोळे मिटून बसते. मला कधी कधी वाटतं तिला पन कोनीतरी थापटून झोपवायला पायजे. एकदा मी इचारलं, ताई, पाठपुरावा किती दिवस असतो?

"पोरीचं म्हननं घ्यायचं राहिलंय ना," ती बोलली. "तिला बोलता आलं की संपला."

परवा पोरगी मांडीवरनं उठून उभी राहिली, तिचा चष्मा ओढला आनि बोलली, "आत्या." चांगलं स्पष्ट. ताईनं चष्मा नीट केला. मंग मला बोलली, "कोनाला बोलली?"

"तुमालाच की."

"एकीच्या सांगन्यावर कसं धरू."

मी सासूला हाक मारली. सासू पिठाच्या हातानंच बाहेर आली. पोरगी परत बोलली. सासू बोलली, "तुलाच गो विजू. लिहून घे."

ताईनं वही नाय काढली. पोरीला छातीशी धरून ती दाराकडं तोंड करून बसली. उद्या पाठपुराव्याला येनार का, असं इचारायचं माझ्या तोंडावर आलेलं. पन सासू मला बोलली, चार भाकऱ्या जास्त टाक, आनि मी आत गेले.